महिन्याचा दुसरा मंगळवार

मंगळवार, १२ सप्टेंबर. सकाळी साडेनऊ.

आजपासून रोजनिशी. वही नातीची, ब्रिनची. गेल्या वर्षीच्या गणिताची चार पानं फाडली, बाकी सगळी कोरी. कोरी वही कचऱ्यात टाकणारं घर म्हणजे आमच्या सुनेचं. असो. ही कुणी वाचायची नाही. मी आठवीत शाळा सोडली, घरी गाई दोहायला हात हवे होते, तेव्हा चुका होणार. होऊ देत.

कारण असं की आज संध्याकाळी मी कॅमेरा क्लबात नाव घालणार. काउंटीच्या मुख्य गावी, वीस मैलांवर. माझ्या नवऱ्याचा, ऑर्लोचा क्लब. चौतीस वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, साडेसहाला कॅमेरा गळ्यात अडकवून हा माणूस घराबाहेर पडायचा. बर्फ असो, ताप असो. माझ्या बहिणीच्या मयताच्या दिवशीसुद्धा गेला. मला एकदाही नेलं नाही. म्हणायचा, अर्डिस, तिथं सगळे टेक्निकल बोलतात, तुला झोप येईल. मी म्हणायची, असेल बाबा.

मार्चात गेला तो. क्लबातून एक माणूस आला नाही. एक फूल नाही, एक कार्ड नाही. मी मनात ठेवलं नाही. (ठेवलंय.)

आता क्लबाला साठ वर्षं होतात म्हणून मे महिन्यात तिथल्या लायब्ररीत पहिल्यांदाच मोठं प्रदर्शन आहे. पेपरात आलंय. ऑर्लोनं काढलेला एकही फोटो आमच्या घरात नाही. विचारलं की म्हणायचा, चांगले असले की क्लब ठेवून घेतो. म्हणजे चौतीस वर्षांचे फोटो क्लबाच्या कपाटात पडलेत. ते भिंतीवर लागणार. आणि त्यांच्या शेजारी माझा एक. बस. एवढंच मागणं आहे.

ब्रिनला फोन करून सांगून टाकलं. नऊ वर्षांची आहे पण काय बोलते! म्हणाली, आजी, आजोबांच्या शेजारी तुझा फोटो? मग आम्ही सगळे फार्गोहून येणार, मी निळा ड्रेस घालणार. ड्रेससुद्धा ठरला. आता मागे कशी फिरू?

बुधवार, १३ सप्टेंबर.

क्लब चर्चच्या तळघरात भरतो. बाराजण. सगळ्यांच्या पिशव्या, बॅगा, त्यात आणखी छोट्या बॅगा. माझ्या गळ्यात ऑर्लोचा कॅमेरा, हातात काही नाही, मला उगाच उघडं उघडं वाटलं.

अध्यक्ष रँडल. दातांचा निवृत्त डॉक्टर. बोलताना डोळ्यांत बघत नाही, दातांत बघतो. हिशेब आणि हजेरीची वही ठेवते ती लव्हॉन. माझ्याच वयाची, केस निळसर, सारखी हसते. इतकं हसणाऱ्या बायकांचं मला काही खरं वाटत नाही.

मी म्हटलं, मी अर्डिस ट्वाइट, ऑर्लोची बायको. सगळे गप्प. मला वाटलं दुःखानं. मग रँडल म्हणाला, ऑर्लो... ऑर्लो... कुठला हो? लव्हॉन म्हणाली, नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय खरं.

वाचल्यासारखं! चौतीस वर्षं!

घरी येताना गाडीत विचार केला. चूक त्यांची नाही. ऑर्लो मुळातच न बोलणारा. आमच्या लग्नात पाद्रीबाबांनी दोनदा विचारलं तेव्हा कुठं हो म्हणाला. कोपऱ्यात बसत असेल बिचारा.

कपाट उघडायला लावलं. आत कॉफीचे फिल्टर आणि ख्रिसमसच्या नाटकातले देवदूतांचे पंख. रँडल म्हणाला, अर्डिस, क्लब कुणाचे फोटो ठेवत नाही, ज्याचे त्यानं न्यायचे. नवी माणसं. जुनी पद्धत त्यांना कशी ठाऊक असणार?

नियम असा. दर महिन्याला एक विषय. फोटो स्टँडवर ठेवायचा, दिवे घालवायचे, फोटोवर एक दिवा सोडायचा. परगावचा परीक्षक पंधरापैकी मार्क देतो. फोटो कुणाचा ते कुणी सांगायचं नाही, ज्याचा असेल त्यानं मान खाली घालून बसायचं. वर्षात एकदा जरी दहा किंवा वर मिळाले तर मे महिन्यात भिंतीवर. दहा म्हणजे काय मोठं? मी सहा मुलांचं जेवण एका चुलीवर केलंय. (एकच माझा, पाच दिराचे.)

बुधवार, ११ ऑक्टोबर.

सहा!

पहिल्याच फटक्यात सहा! विषय होता पाणी. मी सकाळचं तळं घेतलं. जरा धुकं होतं, आणि डाव्या बाजूला माझा अंगठा आला. परीक्षक डुलुथहून आलेली एक काटकुळी बाई. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, या फोटोग्राफरनं आपल्याला कुठल्यातरी गुलाबी वस्तूच्या फार जवळ नेलंय. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, अंगठा आहे तो, माझा! सगळ्यांनी माना खाली घातल्या. रँडल अंधारातून हळूच म्हणाला, अर्डिस, ज्याचा फोटो असतो तो बोलत नाही. मी म्हटलं, मग तिला कोण सांगणार?

बाकीच्यांना आठ, नऊ, अकरा असे कसेही विखुरलेले मार्क. सहा फक्त मला.

लव्हॉनला तेरा. लून पक्षी पाण्यावर बसलाय. बसणारच, पक्षीच तो. तिच्या घरी पाळलेले असतील.

ब्रिनला फोन. म्हटलं, सहा मिळाले. ती म्हणाली, कितीपैकी? मी म्हटलं, तसं नसतं ते. ती म्हणाली, दहापैकी का? म्हटलं, साधारण. ती म्हणाली, आजी, पहिल्यांदाच सहा म्हणजे भारी! किती गोड पोर. आईवर नाही गेली.

संकल्प: अंगठा आत ठेवणे.

बुधवार, १५ नोव्हेंबर.

विषय होता मोडकळीला आलेलं. लांब जायचं कारणच नव्हतं. समोरच्या हॅरिएटचा व्हरांडा घेतला. ती बाजारात गेलेली असताना.

परीक्षक पुरुष होता. म्हणाला, सगळं डावीकडे कललंय आणि सगळं धूसर आहे, तरी या व्हरांड्याची दया येते. दया येते म्हणजे फोटो काळजाला भिडला. मार्क सहा.

परत सहा. दोन वेगळ्या गावांची दोन माणसं, आणि आकडा तोच. याला सातत्य म्हणतात. रँडललाच विचारा, गेल्या महिन्यात अकरा, आत्ता आठ. घसरतोय बिचारा.

पण हॅरिएटला कळलं. औषधाच्या दुकानातल्या पोरीनं फोटो देताना दाखवला असणार, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हॅरिएट आज सकाळी दारात. म्हणाली, अर्डिस, चाळीस वर्षं मी तुझ्या पायऱ्यांबद्दल तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, अगं कला आहे ती. ती म्हणाली, कला तुझ्या घरात कर, तिथं मोडकं काय कमी आहे? आणि माझी केकची ताटली, इस्टरपासून तिच्याकडे होती, ती पायरीवर ठेवून गेली. धुतली नव्हती.

मोठ्या कलावंतांना शेजारी नसतात.

रविवार, १९ नोव्हेंबर.

कर्टिसचा फोन. माझा एकुलता मुलगा, पण फोनवर विमा कंपनीसारखा बोलतो. म्हणाला, आई, ब्रिन सांगत होती तू बाबांच्या क्लबात जातेस. म्हटलं, जातेच. तो म्हणाला, म्हणजे... आत जातेस? मी म्हटलं, आत नाही तर काय बर्फात उभी राहू? तो म्हणाला, गाडीचे टायर बदललेस का?

मुलगे. बाप गेला की आईच्या टायरांची काळजी.

बुधवार, १३ डिसेंबर.

नाताळचं जेवण. स्पर्धा नाही. मी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश नेला, घासूनपुसून संपला. लव्हॉनच्या लिंबाच्या वड्या उरल्या. तीन. मी मोजल्या. घरी आणल्या, चांगल्या होत्या.

प्रदर्शनाची बोलणी झाली. मी उभी राहिले आणि म्हटलं, ऑर्लो ट्वाइटसाठी भिंतीचा एक कोपरा सोडा, चौतीस वर्षांचा सभासद होता. रँडल माझ्या दाढांकडे बघत म्हणाला, लव्हॉन जुन्या वह्या काढून बघेल. लव्हॉन म्हणाली, बघते हं. आणि माझ्या हातावर हात ठेवला. कशाला ठेवला? मी काय आजारी आहे?

बुधवार, १० जानेवारी. दुपारी.

उणे बावीस. गाडी निघायला अर्धा तास. तरी गेले. विषय होता चेहरा. या विषयावर हरणं शक्यच नव्हतं, माझ्याकडे ब्रिन आहे.

नाताळात घरी आली होती तेव्हा घेतला. हातात माझी लेफ्से, म्हणजे बटाट्याची पोळी, साखर नाकापर्यंत लागलेली, आणि ते हसू! गालावर खळी आहे तिच्या, डावीकडे, ऑर्लोच्या आईची. देवानं त्या दिवशी फुरसतीनं हात लावलाय पोरीला. फोटो बघून मीच रडले. थोडा मऊ आलाय. म्हणजे लोकरीसारखा.

परीक्षक म्हणाला, या फोटोत प्रेम भरपूर आहे, फोकस अजिबात नाही. पोळीचा तुकडा तेवढा स्पष्ट आहे, मूल कुठं आहे ते शोधावं लागतं.

शोधावं लागतं! मी अंधारात उभी राहिले. म्हटलं, अहो नऊ वर्षांची आहे ती, एवढी मोठी, समोर बसलीय! डावीकडे खळी आहे, चष्मा घाला! रँडल म्हणाला, अर्डिस. नुसतं अर्डिस. शाळेत मास्तर म्हणायचे तसं.

सहा.

वडी न खाता निघाले.

ब्रिनचा फोन आला तेव्हा डोळे अजून लाल होते, बरं झालं फोनला डोळे नसतात. म्हणाली, आजी, माझ्या फोटोला किती? आता मी त्या पोरीला सहा म्हणून सांगायचं? तिच्या चेहऱ्याला? मी म्हटलं, अकरा.

किंचाळली पोर. म्हणाली, मी भिंतीवर लागणार! मला पाठव ना तो फोटो, शाळेत दाखवते. म्हटलं, क्लबानं ठेवून घेतलाय.

पुढच्या महिन्यात अकरा मिळतीलच. म्हणजे खोटं नाही, आगाऊ आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी.

मंगळवारी परत सहा. विषयसुद्धा आठवत नाही. लिहिलं नाही कारण पेन गोठलं होतं.

आज सकाळी लव्हॉन घरी. न सांगता. हातात वड्यांचा डबा. म्हणाली, अगं अर्डिस, मला वाटलं आपण दोघी बसून तुझा कॅमेरा बघू या. मला कळलंच. पाच महिने माझी पद्धत लांबून बघतेय, आता जवळून बघायची.

कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, नि म्हणाली, हे काय गं? लेन्सच्या कड्यावर टेप कुणी चिकटवलीय? मी म्हटलं, ऑर्लोनं. पहिल्यापासून आहे. ते कडं सैल आहे, हात लावला की फिरतं, म्हणून. लव्हॉन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अगं ते फिरण्यासाठीच असतं. त्यानंच फोकस होतो. हे तीन फुटांवर अडकलंय. तीन फुटांपुढचं काही दिसायचंच नाही याला.

तिनं नखानं टेप उकरायला घेतली. मी तिच्या हातावर चापट मारली. खरंच मारली. म्हटलं, चौतीस वर्षं त्यानं ह्याच टेपनं फोटो काढले, तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं.

ती म्हणाली, बरं बाई.

चहा झाला. वड्या झाल्या. मग मलाच कुठून बुद्धी झाली कोण जाणे, विचारलं की लव्हॉन, डुलुथचे, फार्गोचे, सगळे परीक्षक मला सहाच कसे देतात? ठरवून येतात का? लव्हॉननं कप खाली ठेवला. म्हणाली, तुला कुणी सांगितलं नाही होय? आपल्याकडे सहाच्या खाली देतच नाहीत. पहिल्यापासूनची पद्धत आहे, कुणाचं मन मोडू नये म्हणून. फोटो दिला की सहा. एकदा रँडलनं फोटो चुकून उलटा ठेवला होता, कागदाची पांढरी बाजू वर. त्यालाही सहा मिळाले.

आणि हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

तिला डबा तसाच परत दिला. दोन वड्या होत्या आत. ठेवून घ्यायला हव्या होत्या.

मंगळवार, १२ मार्च.

गेले नाही. गुडघा.

हॅरिएटच्या खिडकीत पडदा हलला. गाडी दारातच आहे हे बघत असणार. उद्या विचारलंच तर सांगेन, क्लबाला सुट्टी.

मंगळवार, १९ मार्च.

टेप निघाली. म्हणजे जुनीच होती, सुटतच आली होती. मी नुसता नखपॉलिश काढायच्या औषधाचा बोळा फिरवला.

कडं फिरवलं की खरंच दिसतं. कुंपण दिसलं, कुंपणापलीकडे हॅरिएटची दोरी, दोरीवर चिमटे, एकेक वेगळा. चांगली पंधरा मिनिटं खिडकीतून चिमटेच बघत बसले. एक फोटो घेतला. मोकळे चिमटे, मागे बर्फ.

मग मनात आलं, ऑर्लोनं हे कधीच बघितलं नाही? मग तो चौतीस वर्षं बघत काय होता?

विचार सोडून दिला. हॉटडिश लावला.

रविवार, ७ एप्रिल.

फार्गोच्या मंडळींनी प्रदर्शनासाठी मोटेलात खोली घेतली. ब्रिननं वर्गात सांगितलंय. तिच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, ब्रिनची आजी कलाकार. सूनसुद्धा फोनवर आली, म्हणाली, आई, तुमचं कौतुक वाटतं हो. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

परवा शेवटची स्पर्धा. दहा हवेत. दहाच.

बुधवार, १० एप्रिल.

चिमटे ठेवले.

परीक्षक एक तरुण मुलगी. बघितलं, पुढे झाली, परत बघितलं. मी मान खाली घातली होती, पहिल्यांदाच. म्हणाली, साधा फोटो आहे, जरा रिकामा, पण कुणीतरी या चिमट्यांकडे खरंच बघितलंय. सात.

अंधारात कुणीतरी टाळी वाजवली. टाळ्या वाजवायच्या नसतात. लव्हॉन असणार.

सात. हे सात दयेचे नाहीत, कमावलेले आहेत. ऑक्टोबरात मिळाले असते तर मी केक केला असता. आता सातांचं काय करू? फार्गोत अकरा सांगून बसलेय.

संपल्यावर मी लव्हॉनला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, माझं राहू दे, ऑर्लोचा कोपरा तरी द्या, माझी माणसं येतायत, नातीला आमच्यापैकी एकाचा तरी फोटो दाखवू दे. वह्या बघते म्हणालीस ना डिसेंबरात? ती म्हणाली, बघितल्या गं. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मला वाटलं तू परत विचारणार नाहीस.

हिरव्या पुठ्ठ्याची वही. १९८८. बोट ठेवून दाखवलं. ऑर्लो ट्वाइट. सप्टेंबर, हजर. ऑक्टोबर, हजर, विषय पाणी. सहा. पुढे नोव्हेंबर, रेघ. डिसेंबर, रेघ. मेपर्यंत रेघाच. पुढच्या वर्षीच्या वहीत नावच नाही.

मी म्हटलं, दुसरी वही असेल. लव्हॉन म्हणाली, असेलही. मी म्हटलं, तो कोपऱ्यात बसायचा, हजेरी घेणाऱ्याला दिसला नसेल. ती म्हणाली, तसंही झालं असेल. किती वाईट बाई आहे. भांडलीसुद्धा नाही.

गुरुवार, ११ एप्रिल. सकाळी.

कर्टिसला फोन केला, कामावर. सरळ विचारलं. कर्टिस, बाबा मंगळवारी कुठं जायचे?

म्हणाला, आई, तुला कुणी सांगितलं? म्हणजे ठाऊक होतं. म्हटलं, बाई होती का? तो म्हणाला, छे गं आई, बाई कसली! हायवेवर ट्रकवाल्यांचं कॅफे आहे ना, तिथं बसायचे. मी सोळाचा होतो, मित्रांबरोबर गेलो तर खिडकीशी बाबा. एकटे. टेबलावर कॅमेरा, पुढ्यात कॅरॅमल रोल, तो गोड पाव. मला बघून इतके घाबरले की मीच घाबरलो. म्हणाले, आईला सांगू नकोस. तिनं सगळ्या गावाला सांगितलंय मी क्लबात आहे, तिला फार अभिमान आहे.

कर्टिस म्हणाला, आई? आई, मी म्हणून तर विचारलं होतं ना, आत जातेस का.

बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं. रोलशी काय भांडणार?

आणि मी सांगितलं होतं खरंच. सगळ्या गावाला. चर्चमध्ये, दुकानात, हॅरिएटला तर दर महिन्याला. पहिल्या फोटोनंतर विचारलं होतं त्याला, किती मिळाले? तो म्हणाला होता, मार्क वगैरे देत नाहीत तिथं. मी म्हटलं होतं, दिले असते तर तूच पहिला आला असतास. आता आठवतंय. केक केला होता मी त्या दिवशी.

मला म्हणाला असता, अर्डिस, सहा मिळाले, तर मी काय केलं असतं? हसले असते. हो, बहुतेक हसलेच असते. मग आठवडाभर हसले असते.

बुधवार, ८ मे.

फार्गोला फोन. म्हटलं, येऊ नका. लायब्ररीत पाइप फुटला, भिंती ओल्या झाल्या, प्रदर्शन रद्द. सून म्हणाली, अरेरे. मागून ब्रिन विचारत होती, मग कधी? मग कधी? मी म्हटलं, सप्टेंबरात बघू. कर्टिस फोनवर आला. म्हणाला, आई, पाइप? मी म्हटलं, पाइप. तो म्हणाला, बरं. बापासारखाच बोलला.

लव्हॉननं चिठ्ठी टाकली होती. तुझे चिमटे भिंतीवर लावायला सभासदांची हरकत नाही, साठावं वर्ष आहे, दहाचा नियम कोण बघतो, ये. म्हणजे परत दया. चिठ्ठी फाडली. मग चिकटवली, मागच्या बाजूला रँडलचा फोन नंबर होता.

शनिवारी प्रदर्शन झालं तरी मला कळायचं नाही. पेपर बंद केलाय.

मंगळवार, १४ मे. संध्याकाळी साडेसात.

साडेसहाला निघाले. कॅमेरा गळ्यात. हॅरिएट व्हरांड्यात झाडत होती, पुढ्यातलं झाडत होती पण बघत होती इकडेच. म्हणाली, क्लब का? व्हरांड्यानंतर पहिल्यांदाच बोलली. मी म्हटलं, हो तर. ती म्हणाली, मजा आहे बाई तुझी. मी म्हटलं, आहेच.

जाणार होते क्लबातच. खरंच जाणार होते. वर्षाची शेवटची मीटिंग, जेवण असतं, मी हॉटडिशसुद्धा केलाय, मागच्या सीटवर आहे. पण हायवेला लागले आणि गुडघा दुखायला लागला. गुडघा दुखत असताना वीस मैल जाऊ नये. हे कॅफे बाराव्या मैलावर आहे.

खिडकीशी जागा मिळाली. खिडकीतून ट्रक दिसतात, एवढंच. वाढणारी बाई माझ्याच वयाची असेल. कॅमेरा बघून म्हणाली, फोटो काढता वाटतं? म्हटलं, हो, क्लबात आहे मी. ती म्हणाली, अय्या, छान. कधी असतो? म्हटलं, आत्ताच चालू आहे. तिनं काही विचारलं नाही. कॉफी ओतली, कॅरॅमल रोल पुढे सरकवला. मागवला नव्हता मी.

सप्टेंबरपासून पुन्हा नियमित जाणार. आता दिसतं सगळं, कडं फिरवायचं कळलंय, दहाला काय लागतं. आज फक्त जरा बसते. ब्रिनला घरी जाऊन फोन करायचाय, वाट बघत असेल. चिमट्यांना बारा सांगावेत का तेरा ते ठरवायचंय.

रोल संपला. कॉफी दोनदा झाली. पावणेआठ. इतक्यात घरी जाता येत नाही, हॅरिएट झोपलेली नसते, आणि क्लब नऊच्या आधी कधीच सुटत नाही.